चिखल आणि टोमणे

सावित्रीबाई फुले पुण्याच्या भिडेवाड्यातल्या, १८४८ साली निघालेल्या मुलींच्या शाळेत शिकवायला निघत तेव्हा वाटेत अंगावर शेण-चिखल पडे. त्या सोबत जादा लुगडं नेत, पोचल्यावर बदलत आणि धडा सुरू करत. धैर्याबद्दल सगळेच बोलतात. मला त्या जादा लुगड्याचं नवल वाटतं. शेण पडणार हे घरातून निघतानाच धरून चालायचं. रस्त्यात रागाशी झटापट करायला थांबायचंच नाही.

*

लग्नघरातल्या मावशी : "काय गं, किती सुटलीस!"
"हो ना मावशी, सुटलेय खरी. तुमची पंगत झाली का?"
टोमणा आहे तसा मान्य केला की मावशींना पुढे बोलायला जागा राहत नाही. मात्र चेहरा साधा हवा. ओठ जरा वाकडे झाले की तोही टोमणाच, आणि मग विहिणींच्या पंगतीपर्यंत तो पुरवला जातो.

*

पुणे, १८७५. दयानंद सरस्वतींच्या मिरवणुकीला उत्तर म्हणून विरोधकांनी गाढवाची 'गर्दभानंद' मिरवणूक काढली. चिखलफेक झाली, ती दयानंदांच्या मिरवणुकीत चालणाऱ्या महादेव गोविंद रानड्यांच्याही अंगावर आली. रानडे शांत राहिले. पण ते सरकारी न्यायाधीश होते. दुसऱ्या दिवशी कोर्टात लोक त्यांच्यासमोर उभे राहणारच होते.

*

रानड्यांच्याच घरात त्यांची पत्नी रमाबाई. रात्री नवऱ्याकडून धडे घ्यायचे, दिवसा त्याच शिक्षणापायी घरातल्या बायकांची बोलणी खायची. १९१० साली निघालेल्या त्यांच्या आठवणींत हे सगळं आहे. रानड्यांचं सांगणं सोसण्याचं. बरोबरच असेल. पण सांगणाऱ्याला दुपार माजघरात काढायची नव्हती.

*

समाजसुधारक गोपाळ गणेश आगरकरांची पुण्यात विरोधकांनी जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. ते आपल्या 'सुधारक' पत्रात लिहीत राहिले, आणि तेही मवाळ नव्हे.

*

जातीवरून बोललं गेलं तर यातलं काहीच लागू करू नये. १९८९च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्याने अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाचा चारचौघांत केलेला असा अपमान गुन्हा ठरतो. तरी चौकीच्या दारात "कशाला वाढवता, सोडून द्या" म्हणणारे भेटतात. आवाज अगदी शांत असतो त्यांचा.