दहा दिवस हक्काचे

पूनम सागर,
मीरा रोड (पूर्व)

चि. मनीस,


तुझा मेसेज वाचला. फोन केला असता तर ‘हो मावशी, हो मावशी’ करून तू विषय मिटवला असतास, म्हणून सरळ कागद घेतला.

‘गाइड चांगले आहेत, काम चालू आहे, पण माझ्या पुढच्या वाटेबद्दल इथे कुणी बोलतच नाही,’ असं लिहिलंस. खाली सोसायटीत बायका तुझ्या आईला विचारतात, ‘पीएचडी झाली ना, मग अजून शिकतेच का?’ त्यांचं जाऊ दे. तुझ्या संस्थेलाही पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर मुदतीवर संशोधन करणारी तुझ्यासारखी माणसं, नेमकी कोण हे ठरवता आलेलं नाही. विद्यार्थ्यांना प्लेसमेंट सेल आहे, प्राध्यापकांना रिफ्रेशर कोर्स आहेत. तुम्हाला ओळखपत्र मिळतं आणि त्यावर मुदत संपायची तारीख.

पैशाचं म्हणशील, तर जून २०२३ मध्ये केंद्राच्या विज्ञान-तंत्रज्ञान विभागाने रिसर्च असोसिएटचं, म्हणजे तुझ्यासारख्या पोस्टडॉकचं, मानधन महिना किमान ५८,००० रुपये केलं, घरभाडं वेगळं. वेळेवर जमा झालं तर मीरा रोडचं भाडं आणि लोकलचा पास सुटतो. खरी टंचाई वेळेची. राष्ट्रीय पोस्टडॉक फेलोशिप दोन वर्षांची, वयाची अट ३५, स्त्रियांना पाच वर्षांची सूट. लग्न, मूल, कायमची नोकरी हे सगळे प्रश्नही याच वर्षांत दाराशी येतात.

मी इतकी वर्षं कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, त्यामुळे भरतीची दुसरी बाजूही पाहिली. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत सहायक प्राध्यापकपदाच्या छाननीसाठी अध्यापनाच्या किंवा पोस्टडॉकच्या अनुभवाला वर्षाला २ गुण आहेत, जास्तीत जास्त १०. त्या वर्षांत काय शिकलात, याला रकाना नाही. मुलाखतीत मात्र नेमकं तेच विचारतात. तुमचा स्वतंत्र प्रकल्प कोणता? अनुदान कुठून आणाल? एम.एस्सी.ला काय शिकवाल? गाइडच्या कामातून तुमचं काम वेगळं कसं काढाल?

प्रयोग करता करता हे आपोआप जमतं, असं आपल्याकडे धरून चालतात. जमत नाही. प्रस्ताव लिहिणं, बजेट मांडणं, हाताखालच्या मुलांकडून काम करून घेणं, ‘जाताना यातलं कोणतं काम मी माझं म्हणून नेऊ?’ हे गाइडला स्पष्ट विचारणं, या सगळ्या गोष्टी कुणीतरी शिकवाव्या लागतात.

जयंत नारळीकरांचं बघ. १९६३ मध्ये केंब्रिजला पीएचडी झाल्यावर ते किंग्ज कॉलेजचे फेलो झाले. १९६६ मध्ये फ्रेड हॉईल यांनी सैद्धांतिक खगोलशास्त्राची संस्था काढली, तिथेही त्यांना जागा मिळाली. १९७२ मध्ये ते टीआयएफआरमध्ये प्राध्यापक म्हणून आले, तोवर त्यांच्या कामाला स्वतःची ओळख आली होती. बुद्धी त्यांची होतीच, पण त्या बुद्धीला पीएचडीनंतर नऊ वर्षं बूड टेकायला जागा होती. पुढे पुण्यात १९८८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी राहिली, तेव्हा देशभरातल्या विद्यापीठांतल्या शिक्षकांनी तिथे येऊन राहावं, काम करावं, ही सोय त्यांनी मुळातच ठेवली.

प्रत्येकाला हॉईल भेटत नाहीत, म्हणून तर नियम लागतात. ब्रिटनमधल्या विद्यापीठांनी संशोधकांसाठी एक करारनामा मान्य केला आहे. २०१९च्या सुधारित मसुद्यात प्रत्येक संशोधकाला व्यावसायिक विकासासाठी वर्षाला किमान १० दिवस द्यावेत, असं लिहिलं आहे. अमेरिकेत २००३ पासून पोस्टडॉकांची राष्ट्रीय संघटना आहे, आणि अनेक विद्यापीठांत त्यांच्यासाठी वेगळं कार्यालय. आपल्याकडेही अगदीच काही नाही असं नाही. इंडियाबायोसायन्सच्या तरुण संशोधकांच्या बैठका २००९ पासून होतात. तिथे पोस्टडॉकांना संस्थांचे संचालक समोरासमोर भेटतात. तू जीवशास्त्रातली, अर्ज करायला काय हरकत आहे?

असे दहा दिवस तू मागितलेस तर गाइड म्हणतील, दहा दिवस गेले तर पेपर कधी संपणार? त्यांना नावं ठेवू नकोस. त्यांच्या प्रकल्पालाही मुदत आहे. पण म्हणूनच ही गोष्ट त्यांच्या चांगुलपणावर सोडायची नाही. चांगला गाइड मिळणं हे नशीब झालं, आणि संस्था नशिबावर चालवायची नसते.

तेव्हा एक कर. तुमच्या इमारतीतल्या सगळ्या पोस्टडॉकांना एकत्र बसव आणि संशोधन अधिष्ठात्यांच्या नावे एक पानी अर्ज लिहा. मागण्या चारच ठेवा: व्यावसायिक विकासासाठी वर्षाला दहा दिवस, तेही कामाचेच धरून, प्रयोगशाळेबाहेरचा एक ज्येष्ठ मार्गदर्शक, सहा महिन्यांनी एकदा बसून लिहून काढलेला पुढचा आराखडा, आणि ज्याला हवं त्याला एखादा विषय शिकवायची संधी. यात संस्थेला फारसा खर्च नाही, त्यामुळे नाही म्हणायला त्यांना कारण शोधावं लागेल. सगळ्यांच्या सह्या घ्या, आणि आवक क्रमांक पडल्याशिवाय त्या कचेरीतून बाहेर पडू नका.

तुझी,
मावशी