पोटखराबा

माझी कथा छापताना एका दिवाळी अंकानं लेखक-परिचयात 'शासकीय सेवेत' एवढंच ठेवलं होतं. 'भूकरमापक' हा शब्द त्यांना कथेशेजारी शोभला नसावा. मला मात्र तो हवा होता. माझ्या बहुतेक गोष्टी मला बांधावर सापडल्या आहेत.

लहानपणी माझ्यापुरती गोष्ट म्हणजे उत्तररंग. चुलत आजोबा नारदीय कीर्तन करायचे. पूर्वरंगात अभंग आणि निरूपण, मग नामाचा गजर, मग कपाळाला बुक्का आणि त्यानंतर उत्तररंगातलं आख्यान. निरूपण चाललेलं असताना मी आईच्या मांडीवर झोपून जायचो आणि बुक्क्याचं गार बोट लागलं की टक्क जागा व्हायचो. पुढं कॉलेजात शंकर पाटील, द. मा. मिरासदार आणि व्यंकटेश माडगूळकर यांच्या कथाकथनाचं वेड लागलं. समोर पोथी नाही, गळ्यात वीणा नाही, नुसता माणूस उभा राहून बोलतोय आणि पटांगण हसतंय. हे आपल्याला जमेल असं वाटलं, जमलं नाही. दरम्यान चित्रकलेची परीक्षा झाली, एकांकिकांत राजाचा शिपाई झालो, घरी पैशाची ओढ लागली आणि मोजणी खात्यात चिकटलो.

त्या नोकरीत पहिल्यांदा हातात आली शंकू साखळी. लांबी 33 फूट, तिचे 16 आणे. 33 फूट लांब आणि 33 फूट रुंद म्हणजे एक गुंठा, असे 40 गुंठे म्हणजे एकर. ही सगळी व्यवस्था जुनी. पुणे जिल्ह्यात प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं केलेली आकारणी रयतेला पेलवली नाही, ती मोडली. मग 1835 च्या सुमारास इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नव्यानं घडी बसवली. जमिनीचा कससुद्धा आण्यांतच धरायचे. सोळा आणे जमीन म्हणजे उत्तम काळी. माणदेशात ती शोधूनच काढावी लागते.

नोटीस निघायची, लगतचे खातेदार बांधावर जमायचे, जुन्या टिपणाशी आम्ही ताळा घालायचो. काम खरं तर रेषेचं. पण रेष ओढायच्या आधी प्रत्येकाला बोलायचं असायचं, आणि 'हा दगड कुणी हलवला?' या प्रश्नाचं उत्तर आज्यापासूनच सुरू व्हायचं. आज्यानं बहिणीला चोळीबांगडीसाठी दिलेला तुकडा, बहात्तरच्या दुष्काळात नालाबांधाच्या कामावर गेलेली माणसं, तेवढ्यात शेजाऱ्यानं एक तास आत घातलेला नांगर, त्यावरून अडलेलं लग्न. बोलणारा मधेच थांबून तंबाखू मळायचा. समोरचा पक्ष 'खोटं हाय' म्हणायचा आणि तीच हकीकत दुसऱ्या टोकानं सांगायचा. दोघंही खरंच बोलत असायचे, हे कळायला मला फार वेळ लागला नाही. वकिलाला हे परवडत नाही, कथाकाराला परवडतं.

संध्याकाळी मी जबाब लिहायचो: अर्जदार समक्ष हजर, हद्दीबाबत हरकत नोंदविली. संपलं. बहीण गेली, दुष्काळ गेला, लग्न गेलं. सातबाऱ्यावर पोटखराबा म्हणून एक नोंद असते. खडक, ओघळ, नाला, पीक न येणारी जागा. तिचं क्षेत्र लिहितात, पण आकार बसवत नाहीत. माझ्याजवळ साठलेलं हे सगळं तसंच होतं. खात्याला त्याचा उपयोग नव्हता, आणि मलाही कित्येक वर्षं वाटत होतं की आपला लिहिण्याचा काळ असा फुकट चाललाय.

अशा वेळी थोरांची उदाहरणं कुणीतरी पुढं करतंच. माडगूळकर शाळा पुरी न करता, चित्रं काढत, बेचाळीसच्या चळवळीतून फिरत फिरत लेखनाकडे आले आणि 1955 पासून पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण कार्यक्रमांत रमले. 'बनगरवाडी'ही त्याच वर्षीची. अण्णा भाऊ साठे वाटेगावहून मुंबईपर्यंत पायी गेले, पडेल ते काम केलं आणि 'फकिरा' लिहिली. हे खरं आहे. पण दारिद्र्यानं अण्णा भाऊंना लेखक केलं असं म्हणणं म्हणजे दारिद्र्याला फुकटचं श्रेय देणं. पोट भरलेलं असतं तर त्यांनी आणखी चार पुस्तकं लिहिली असती, असं मला वाटतं. आडवाट कुणाला लेखक करत नाही. ती फक्त माणसं भेटवते, आणि ऐकायचं की नाही ते आपल्यावर.

मी पहिली गोष्ट सांगितली ती एका वस्तीवरच्या शाळेत, मुक्कामाला, दिवे गेलेले असताना. शेजारच्या तालुक्यातलं बांधाचं भांडण, नावं बदलून. संपल्यावर एक म्हातारी म्हणाली, "आमच्या घरातलं तुला कुणी सांगितलं रं?" तिच्या घरातलं मला काहीच माहीत नव्हतं. ती गोष्ट मी नंतर लिहून काढली तेव्हा कागदावर ती वाळलेल्या भाकरीसारखी कडक झाली. पुन्हा मोठ्यानं म्हणून पाहिली, जिथं श्वास अडला तिथं वाक्य तोडलं, तंबाखू मळण्याएवढी जागा मोकळी सोडली. तेव्हापासून तीच रीत आहे: आधी तोंडानं, मग हातानं. सांगली आकाशवाणीवर वाचायला गेलो तेव्हा घड्याळानं आणखी एक शिकवलं, की आख्यान कितीही रंगलं तरी वेळ संपते आणि लग्न मोडायचं तर ते वेळेत मोडलं पाहिजे.

आता निवृत्त आहे. खात्यात साखळी जाऊन उपग्रहावर चालणारी यंत्रं आली, मोजणी झटपट होते. दगड हलवणारी माणसं मात्र तीच आहेत. जत्रेत, वाचनालयात, शाळेत बोलावतात, मी कथा सांगतो. कार्यक्रम झाला की पुढाऱ्याच्या घरी जेवणाचं पान वाढलेलं असतं आणि वाटेत कुणीतरी गाठतोच. "साहेब, गोष्ट झ्याक झाली. पण आमच्या पश्चिमेच्या बांधाचं तेवढं बघा की." मी सांगतो, बाबा, आता माझ्या हातात काही नाही, तालुक्याला अर्ज कर. त्याला अर्जाचं ऐकायचंच नसतं. तो पारावर बूड टेकतो, मलाही बसवतो आणि म्हणतो, "त्याचं असं झालं, आमचा आजा…"

जेवायला उशीर होतो. यजमान रागावतात, आणि त्यांचंही बरोबर असतं.