आमालाची वही

भारतानं तिबेटी माणसांना आसरा दिला, हे आपण अभिमानानं सांगतो आणि ते खरं आहे. मार्च 1959मध्ये दलाई लामा ल्हासाहून निघाले आणि महिनाअखेरीस तवांगच्या बाजूनं भारतात आले. त्यांच्यामागून सुमारे 80 हजार माणसं हिमालय उतरली. पण माझ्या घरापुरतं बोलायचं, तर देणारे ते होते आणि घेणारा मी. माझं शिक्षण एका तिबेटी बाईच्या पैशांवर पुरं झालं. तिला आम्ही सगळे आमाला म्हणायचो.

वडिलांची गिरणी बंद पडली आणि मला कॉलेज सांभाळून काम बघावं लागलं. दिवाळी झाली की नागपुरात तिबेटी स्वेटरवाल्यांची दुकानं लागायची. तिथे आमालानं मला संध्याकाळी हाताशी ठेवून घेतलं. पहिल्यांदा शिकवलं ते घडी घालणं. आधी स्वेटर उलटा करून शिवण बघायची. कुठे टाका सुटलेला दिसला, तर कमरेच्या पट्टेदार वस्त्राला टोचलेली सुई काढून आमाला तो तिथल्या तिथे घालायची. मग स्वेटर पालथा ठेवायचा, बाह्या पाठीवर आडव्या घ्यायच्या, खालचा काठ वर दुमडायचा, सुलटा केल्यावर गळा नीट दिसला पाहिजे. गर्दी कितीही असो, शिवण न बघता तिनं एकही नग गिऱ्हाइकाच्या हाती दिला नाही.

हा सगळा माल लुधियानाचा आणि उधारीचा. तिथले व्यापारी हंगामाच्या सुरुवातीला विश्वासावर गठ्ठेच्या गठ्ठे देतात. थंडी सरली की उरलेला माल परत आणि पैसे चुकते. गहाण काही नाही. गहाण ठेवायला तिबेटी विक्रेत्यांच्या नावावर जमीन तरी कुठे होती? एकानं बुडवलं तर सगळ्यांची पत जाते, म्हणून लोसारला, म्हणजे तिबेटी नववर्षाच्या सणाला, घरी जाण्याआधी हिशेब मिटलाच पाहिजे, हा त्यांचा शिरस्ता.

त्या लुधियानाच्या पैशांतूनच तिनं माझी फी भरली. इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष होतं. फी थकली होती, परीक्षेला बसू देणार नव्हते. नातेवाइकांनी आईच्या पाटल्यांची चौकशी केली. आमालानं काही विचारलं नाही. रबर लावलेल्या नोटांच्या गड्डीतून पैसे मोजून दिले आणि वहीत तिबेटी लिपीत एक ओळ लिहिली. सही मागितली नाही. लुधियानाला तेवढी रक्कम कमी पडली, ती शेजारच्या दुकानांनी वाटून घेऊन भरली, हे मला पुढच्या हंगामात कळलं. पुढे मी पैसे फेडले. पण त्या ओळीखाली किती जणांचे हात होते, त्यांची फेड कशी करणार?

आमाला लहानपणी बापाच्या पाठुंगळीवर सीमा ओलांडून आली. आसामात मिसामारीच्या छावणीत उकाड्यानं माणसं दगावताना तिनं पाहिली. मग आईबाप हिमाचलात रस्त्यांसाठी खडी फोडायला गेले. 1972मध्ये अर्जुनी मोरगाव तालुक्यात गोठणगावाला नोर्गेलिंग वसाहत उभी राहिली, तेव्हा हे कुटुंब विदर्भात आलं. बर्फाच्या मुलखातली माणसं चिखलात उभी राहून धानाची रोवणी शिकली. जिल्हा आता गोंदिया झाला, तरी ती आपलं गाव ‘भंडारा’च सांगते.

हे सारं ती घड्या घालता घालता सांगायची. मला मात्र राग यायचा, तो तिच्या आरसीच्या, म्हणजे परकीयांच्या नोंदणी प्रमाणपत्राच्या, पुस्तिकेचा. आपल्या देशानं 1951च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, निर्वासितांसाठी वेगळा कायदाही केला नाही. त्यामुळे इतकी वर्षं धान पिकवूनही ती कागदावर परकीय. मुदत संपली की नूतनीकरण करायचं, हंगामाला परगावी जायचं तर पोलिसांना कळवायचं. ज्या बाईच्या शब्दावर लुधियानाचा व्यापारी लाखाचा माल सोडतो, तिनं दर खेपेला आपण कोण हे सिद्ध करायचं, हे मला तेव्हा पटलं नाही आणि आजही पटत नाही.

26 जानेवारी 1950 नंतर आणि 1 जुलै 1987च्या आधी भारतात जन्मलेला माणूस जन्मानंच भारतीय, हे कायद्यात होतंच. ते तिबेटी मुलांनाही लागू आहे, हे दिल्ली उच्च न्यायालयाला सांगावं लागलं. त्या निकालांनंतर आमालाच्या मुलीनं पासपोर्टसाठी अर्ज केला. जन्मदाखल्याच्या नकलेसाठी मी तिच्याबरोबर कचेरीत गेलो. परत आल्यावर आमालानं बसभाडं आणि झेरॉक्सचे पैसे माझ्या हातावर ठेवले. मी नको म्हणालो, तर रागावली. घ्यावे लागले.

मुलगी आता टोरांटोला असते. आमालाचा जन्म तिबेटातला, तिला तो कायदा लागू नाही. तिला नागरिकत्व मागायचंही नाही. परत जायची वेळ आली, तर तिबेटी म्हणून जायचं आहे, असं ती म्हणते. आरसीची मुदत संपत आली की तिचा फोन येतो आणि मी फॉर्म भरायला गोठणगावला जातो.