मिरची: सुकली की कुजली?

मिरचीवर लेख? असं म्हणून लगेच पान उलटू नका! ज्या रूमवर रात्री भुर्जी होते त्या रूमवर मिरची असतेच, आणि आठवड्यातून एकदा "ही टाकायची का रे?" हा प्रश्नही असतोच.

आम्ही बोईसरचे. बाबा तारापूर एमआयडीसीत नोकरीला. आत्याची वाडी मात्र वाणगावला, बोईसरच्या पुढच्या स्टेशनला. डहाणू तालुक्यातला हा पट्टा मिरचीचा, तिखट आणि ढोबळी दोन्ही. गंमत म्हणजे ज्या पोर्तुगीजांनी मिरची इकडे आणली, त्यांचाच तारापूरला किल्ला होता. १७३९ साली मराठ्यांनी तो घेतला. पोर्तुगीज गेले, मिरची राहिली.

आत्या म्हणते, "मिरचीची मरणं दोन. एक सुकून, एक कुजून. सुकली तर आपली, कुजली तर कुणाचीच नाही." तोडल्यावरही मिरची जिवंत असते, श्वास घेते, आतलं पाणी हळूहळू सोडते. उघडी ठेवली की पाणी उडून साल सुरकुतते. प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून ठेवली की तेच पाणी थेंब होऊन तिच्या अंगावर बसतं, आणि बुरशीला आयतं घर मिळतं. एका मरणापासून वाचवायला जावं तर दुसरं दारात उभं!

म्हणून वाट मधली काढायची. मिरची धुऊन ठेवू नये, वापरताना धुवावी. तिखट मिरचीचे देठ काढावेत, कारण घरी कूज बहुतेक देठाच्या टोपीपासूनच सुरू होते. डब्यात खाली-वर कोरडा कागद घालावा आणि तो दमट झाला की बदलावा. ढोबळीचा देठ मात्र राहू द्यावा, उपटला तर जखम होते. मिरचीला साधारण ७ ते १० अंश सेल्सिअस तापमान मानवतं. त्याहून गार जागी फार दिवस राहिली तर सालीवर खड्डे पडतात, बिया काळवंडतात. त्यामुळे फ्रीजमध्ये तिची जागा बर्फाच्या कप्प्याजवळ नाही, खालच्या भाजीच्या ट्रेमध्ये.

हे सगळं एवढं मनावर घ्यायचं कारण सांगतो. एका हंगामात ऐन तोडणीत अवकाळी पाऊस झाला. एरवी आत्या दव वाळल्याशिवाय मिरचीला हात लावू देत नाही. पण त्या दिवशी मजूर आलेले, टेम्पो दारात, माल ओलाच भरावा लागला. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याने एका गोणीतल्या मूठभर कुजक्या मिरच्या दाखवून सगळ्या मालाचा भाव पाडला. त्या पैशांतून आतेभावाची डिप्लोमाची फी जायची होती. आत्याने अर्धा माल घरी परत आणला आणि ओटीवर पसरून एकेक मिरची निवडली. बुळबुळीत झालेल्या, देठाशी बुरशी धरलेल्या सरळ खड्ड्यात. नुसत्या मऊ पडलेल्या, सुरकुतलेल्या बाजूला. त्यांची तिने सांडगी मिरची केली आणि शेजारीपाजारी विकली. फी पुरी झाली नाही, पण पहिला हप्ता भरला गेला. सुरकुतलेली मिरची सगळ्यांनी फेकून दिली असती, तर तोही गेला असता.

तेव्हा मित्रांनो (आणि मेसमधल्या मावशी-काकांनो, तुम्हाला हे माहीतच आहे), सुरकुती म्हणजे म्हातारपण, आजार नव्हे. तशी मिरची फोडणीत, ठेच्यात खुशाल घाला. पण बोटाला चिकट लागली, पाणचट डाग दबला, आंबूस वास आला किंवा देठाशी पांढरं-काळं दिसलं, तर मोह नको. ढोबळी बाहेरून चकचकीत असली तरी चिरून आत बघा. आत बुरशी असेल तर तेवढाच भाग कापून चालत नाही, अख्खी टाका. आणि डब्यातली तिची शेजारीण आधी तपासा.