एक तारीख, दोन स्मरणें

संस्कृतांत काकतालीय न्याय प्रसिद्ध आहे. कावळा ताडावर बसावा आणि तेवढ्यांत फळ गळून पडावें. त्यांत कावळ्याचें कर्तृत्व कांहींच नसतें. एकाच तारखेस घडलेल्या गोष्टींविषयीं असेंच म्हणावें लागतें.

१ ऑगस्ट १९२० रोजीं, मध्यरात्र उलटल्यावर, मुंबईस सरदारगृहांत लोकमान्य टिळकांनीं देह ठेविला. त्याच दिवशीं महात्मा गांधींच्या असहकारितेच्या चळवळीस प्रारंभ झाला. आणि त्याच दिवशीं, तेव्हांच्या सातारा जिल्ह्यांतील वाटेगांवीं, एका मातंग कुटुंबांत अण्णाभाऊ साठे जन्मले.

या गोष्टींत कार्यकारणसंबंध शोधूं नये. तथापि तारीख एक असली म्हणजे स्मरणाची वाटणी होते, आणि ती बहुधा समान होत नाहीं. आपल्या घरांतून या दिवशीं लोकमान्यांच्या तसबिरीस हार पडतो. अण्णाभाऊंचें नांव निघतेंच असें नाहीं. लोकमान्यांनीं मंडालेच्या तुरुंगांत 'गीतारहस्य' लिहिलें. अण्णाभाऊंचें शालेय शिक्षण नाममात्र. तरी त्यांनीं 'फकिरा' लिहिली आणि १९५९ सालीं प्रसिद्ध झालेली ती कादंबरी डॉ. आंबेडकरांच्या लेखणीस अर्पण केली. एका ग्रंथांत निष्काम कर्माचें प्रतिपादन आहे, दुसऱ्यांत भुकेल्या माणसांसाठीं बंड करणाऱ्या नायकाची कथा. दोन्ही आपल्याच मराठींत आहेत.

कावळ्यानें फळ पाडलें नसेल. पण पडलेलें फळ उचलून घेण्यास शास्त्राची हरकत नाहीं. येत्या १ ऑगस्टला मुलांच्या हातीं दोन्ही पुस्तकें द्यावींत.