बाद झालास, पळ!

क्रिकेटवर पोसलेल्या आपल्या मनाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. चेंडू अंगाला लागला तर त्यात फलंदाजाचे काही भले व्हायचे नाही. पायावर आदळला तर पंचाचे बोट वर जाण्याची धास्ती. बरगडीत बसला तर ती चोळत पुन्हा उभे राहायचे. अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये मात्र असा मार खाल्लेल्या गड्याला पंच सांगतात, "जा, पहिला बेस तुझा!" हे मी प्रथम वाचले तेव्हा त्या खेळाविषयी मला एकदम आपुलकीच वाटू लागली.

वाचण्याचे कारण साधे. आमच्या शाळेतून तालुक्याला सॉफ्टबॉलचा संघ न्यायचा होता, क्रीडाशिक्षकाची जागा रिकामी होती, आणि मराठी शिकवणाऱ्या माणसाला कोणतेही पुस्तक वाचता येते अशा समजुतीने मुख्याध्यापकांनी नियमांचे पुस्तक माझ्या हाती ठेवले. सॉफ्टबॉल हे बेसबॉलचे धाकटे भावंड. धाकट्याच्या ओळखीने मी थोरल्याच्या घरी गेलो आणि तिथेच रमलो.

मैदान चौकोनी. एका कोपऱ्यात फलंदाज, उरलेल्या तीन कोपऱ्यांवर बेस. ते क्रमाने गाठून घरी परतला की एक धाव. चेंडू टोलवायचा आणि नव्वद फुटांवरचा पहिला बेस गाठायचा, हा झाला राजमार्ग. मला ओढ लागली ती आडवाटांची. मॅट्रिकपुढे पाऊल न टाकता कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला साहित्यिकांच्या बैठकीत "आपण इकडे कसे?" हा प्रश्न पुष्कळदा ऐकावा लागतो; त्यामुळे न टोलवता आत आलेल्यांची हकिगत मी जरा जास्तच आस्थेने वाचतो.

एक वाट चालत जाण्याची. पिचरने चार चेंडू ठरल्या चौकटीबाहेर टाकले आणि फलंदाजाने ते सोडून दिले, की तो रमतगमत पहिल्या बेसवर जातो. १८७९ साली असे नऊ चेंडू लागत. १८८९ मध्ये ते चारावर आले. ही चौकट साधारण छातीपासून गुडघ्यापर्यंतची, म्हणजे माणूस जेवढा तेवढी चौकट. हे हेरून सेंट लुई ब्राउन्स संघाचे मालक बिल व्हेक यांनी १९ ऑगस्ट १९५१ रोजी एडी गेडेल नावाचा तीन फूट सात इंच उंचीचा फलंदाज मैदानात उतरवला. पाठीवर क्रमांक १/८! डेट्रॉइटच्या बॉब केनचे चारही चेंडू उंचावरून गेले आणि गेडेल पहिल्या बेसवर पोचला. लागलीच त्याच्या जागी दुसरा धावायला आला, आणि पुढे लीगच्या अध्यक्षांनी गेडेलचा करारही रद्द केला. एका माणसाच्या उंचीचा असा तमाशा करावा हे मला रुचत नाही. पण नियम काही हसला नाही. त्याने चार चेंडू मोजले आणि बेस देऊन टाकला.

याच वाटेने थोरामोठ्यांनाही धाडतात, पण भीतीपोटी. बॅरी बाँड्सला २००४ च्या एका हंगामात १२० वेळा मुद्दाम पहिला बेस बहाल केला गेला. २०१७ पासून तर तेवढ्यासाठी चेंडू टाकण्याचीही गरज उरली नाही. नुसती खूण पुरते.

मार खाऊन जाणाऱ्यांत रॉन हंट हा महापुरुष. १९७१ साली त्याने पन्नास वेळा अंगावर चेंडू घेतला. तरी अंग पुढे करून बेस मागायला मनाई आहे. चुकवण्याचा प्रयत्न दिसला पाहिजे. ३१ मे १९६८ रोजी लॉस एंजेलिसला डॉन ड्रायस्डेलचा चेंडू डिक डीट्झला लागला. तिन्ही बेस भरलेले, म्हणजे डीट्झला बेस देताच धाव झाली असती आणि ड्रायस्डेलची धावविरहित खेळ्यांची मालिका तुटली असती. पंच वेंडेलस्टेट म्हणाले, हा हललाच नाही! डीट्झ परत फलंदाजीला उभा राहून बाद झाला. मालिका वाचली, वाद मात्र उरला.

आणि आता माझी सर्वांत लाडकी वाट. तीनदा हुकला की फलंदाज बाद, हे खरे. पण तो तिसरा चेंडू मागच्या कॅचरने झेललाच पाहिजे. हातून निसटला तर बाद झालेला गडी पहिल्या बेसकडे पळू शकतो. (पहिल्या बेसवर अगोदरच कोणी असेल आणि दोघे बाद झाले नसतील, तर ही सवलत नाही, नाहीतर एकाऐवजी दोघांना टिपण्यासाठी कॅचर मुद्दामच चेंडू सोडील.) न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबच्या १८४५ च्या नियमांतही हे आहे. ५ ऑक्टोबर १९४१ रोजी, वर्ल्ड सिरीजच्या चौथ्या सामन्यात ब्रुकलिन डॉजर्स शेवटच्या डावात ४-३ असे पुढे होते. यँकीजचे दोघे बाद झालेले. टॉमी हेन्रिक तिसऱ्यांदा हुकला. सामना संपला! पण कॅचर मिकी ओवेनच्या हातून चेंडू सुटला आणि हेन्रिक पळत सुटला. यँकीजनी तो सामना ७-४ असा जिंकला आणि दुसऱ्या दिवशी मालिकाही.

सॉफ्टबॉलमध्येही हा नियम आहे. तालुक्याच्या मैदानावर आमचा एक पोरगा तीनदा हुकला. दहावीला गणितात राहिलेला, घरी 'आता कामाला लाग' हे रोजचे ऐकणारा. बॅट टाकून मान खाली घालून तो परतू लागला. चेंडू कॅचरच्या मागे घरंगळत चिंचेखाली गेला होता. मी बाहेरून ओरडलो, "अरे, पळ!"

"बाद झालो ना, सर?"

"बाद झालास, पळ!"

तो पळाला. प्रतिपक्षाचे मास्तर तावातावाने आले. मी पुस्तकातले पान काढून दाखवले. गुणपत्रिका लिहिताना पोरगा माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्या रकान्यात तीनदा हुकल्याची खूण करावी लागते, आणि तो बेसवर पोचला हेही त्याच रकान्यात लिहावे लागते.

"सर, मग मी बाद की नाही?" त्याने विचारले.

मी दोन्ही खुणा केल्या आणि पेन्सिल त्याच्याच हातात दिली. नाव त्याने स्वतः लिहिले, आडनावासकट.