सोंगटीमागची रिकामी जागा

मोबाईलवर कॅरम खेळणारी गल्लीतली पोरं नेम कसा सुधारायचा विचारतात, तेव्हा मी त्यांना आधी स्क्रीनवरून बोट काढायला लावतो. पाळी आली की लगेच स्ट्रायकर मागे ओढायचा, ही सवय बहुतेकांना असते. माझ्या मते नेम त्याच्या आधीच लागतो किंवा चुकतो. खालच्या पट्टीवर स्ट्रायकर डावी-उजवीकडे सरकवता येतो. मधोमध ठेवून बारीक कट मारण्यापेक्षा थोडा सरकवून स्ट्रायकर, सोंगटी आणि पॉकेट एका रेषेत आणणं केव्हाही चांगलं.

धुळ्यात देवपूरला ओट्यावर बोर्ड मांडून खेळायचो, तेव्हा शेजारचे काका सांगायचे, "सोंगटी नको दखू, तिना मांगनी जागा दख." सगळी भूमिती त्यात आली. पॉकेटपासून सोंगटीच्या मध्यातून एक रेघ कल्पायची आणि ती मागे वाढवायची. धडकेच्या क्षणी स्ट्रायकरचा मध्य त्या रेघेवर हवा. स्पर्धेतला स्ट्रायकर जास्तीत जास्त ४.१३ सेंटीमीटर व्यासाचा, सोंगटी साधारण ३.१. दोघांच्या त्रिज्या मिळवल्या की साडेतीन सेंटीमीटरच्या थोडं वर. सोंगटीच्या मध्यापासून तेवढ्या अंतरावर स्ट्रायकरचा मध्य न्यायचा. नवखा खेळाडू सोंगटीच्या कडेवरचा बिंदू धरून मारतो. स्ट्रायकरची कड त्याआधीच लागते आणि कट जाड बसतो.

अंतराचा हिशेब त्याहून कठोर आहे. सोंगटी स्ट्रायकरपासून ३६ सेंटीमीटरवर असेल, तर नेमातली एका अंशाची चूक सोंगटीच्या वाटेत सुमारे नऊ अंशांची होते, तीही सरळ फटक्यात. कटमध्ये ती आणखी वाढते.

कॅरम पूल या मोबाईलवरच्या खेळात धडकेनंतर सोंगटी कुठे निघेल हे दाखवणारी छोटी रेघ दिसते. भारी स्ट्रायकर घेतला की ती लांबते. मी पोरांना साधाच वापरायला सांगतो. आखूड रेघ मनाने पॉकेटपर्यंत वाढवण्याची सवय लागली, तर ती लाकडी बोर्डावरही कामाला येते. तिथे रेघ नसतेच. शिवाय बोट जितकं लांब ओढाल तितका जोर वाढतो, आणि कोनही तितका बारीक बदलता येतो. हळू फटक्यात बोट स्ट्रायकरजवळ असतं, केसभर हललं तरी रेघ केवढी तरी फिरते. म्हणून हलक्या फटक्याला जास्त वेळ द्यावा. बोट उचलताना ते कलू न देता सरळ वर घ्यावं. जळगावच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, घामेजलेलं बोट काचेवर अडखळतं. जवळ कोरडा रुमाल हवाच.

जळगावला मोठा कॅरम नवा नाही. संदीप दिवे, योगेश धोंगडे, नीलम घोडके असे खेळाडू इथल्याच जैन इरिगेशन कंपनीच्या संघातून खेळले आहेत. दिवे २०२२ मध्ये मलेशियात लंगकावीला विश्वविजेता ठरला. अशांचे सामने बघताना माझी नजर त्यांच्या बोटावर नसते. टिचकीआधी स्ट्रायकर बेस लाइनवर कसा सरकतो आणि कुठे थांबतो, तिकडे असते. पुढचं बहुतेक सगळं तिथेच ठरलेलं दिसतं.

माझा मावसभाऊ उधन्याला राहतो. खानदेशातली कितीतरी घरं कामासाठी सुरतेकडे गेली, त्यातलंच त्याचं. ड्युटी सुटली की रात्री तो मला मोबाईलवर डावाला बोलावतो. त्याचा डबल फार देखणा! सोंगटी चौकटीला आपटून पॉकेटात न्यायची तर चौकटीपलीकडे त्या पॉकेटचं प्रतिबिंब कल्पायचं आणि त्यावर नेम धरायचा. मात्र आरसा चौकटीवर धरायचा नाही, सोंगटीच्या अर्ध्या व्यासाइतका आत धरायचा, कारण आपटते ती कड. मध्य अलीकडेच राहतो. मोबाईलवर हा हिशेब दरवेळी सारखा जुळतो. लाकडी बोर्ड पावसाळ्यात दमट होतो, बोरिक पावडर धरून बसते, चौकटही आपल्या परीने सोंगटी परतवते. तिथे प्रतिबिंब थोडं सरकवून धरावं लागतं. किती, ते त्या दिवशी त्या बोर्डावर दोन-चार फटके मारूनच कळतं.